त्या स्टिकरबद्दल लिहितेय, बाळा

बाळा,

फोनवर हे बोलायला गेले की माझा आवाज चढतो आणि तू "हो आई, हो आई" करून फोन ठेवतोस, म्हणून कागदावर लिहितेय. मावशीला सांगितलंय पाकीट तुलाच द्यायचं, ती उघडणार नाही. एकटा असशील तेव्हा वाच.

दिवाळीत घरी आलास तेव्हा कापूस वेचणीचे फोटो आजीला दाखवायला तू तुझा मोबाईल माझ्याकडे दिला होतास. फोटो बघता बघता वरून तुमच्या नववीच्या ग्रुपचे मेसेज पडायला लागले, एकामागून एक, आणि मी तो ग्रुप उघडला. तुला न विचारता बघितलं ही माझी चूक. पण जे बघितलं ते डोक्यातून जात नाहीये, पंधरा दिवस झाले.

तो पारोळ्याकडून एसटीने येणारा मुलगा, शाळेत माईकवर बोलताना त्याच्या तोंडून "आहे"च्या जागी आपल्या अहिराणीतलं "शे" निघालं. कुणीतरी शूटिंग केलं, तोंड वेडंवाकडं दिसेल असा फोटो काढून त्याचं स्टिकर केलं, खाली लिहिलं "काय शे". आणि मग कुणी काहीही विचारलं तरी उत्तर म्हणून तेच. उद्या सुट्टी आहे का, स्टिकर. गणिताचा होमवर्क कोणता, स्टिकर. मी मागे मागे सरकवत गेले, तीन आठवडे मागे गेले. तू ते बनवलं नाहीस हे मला दिसलं. पण चार वेळा पाठवलंस, आणि त्यातलं एक तर त्याने "बस करा रे" लिहिल्यावर लगेच त्याच्या खाली. त्यानंतर त्याचा एकही मेसेज नाही. ग्रुप सोडलापण नाही त्याने, नुसता आहे तिथे, बघतोय.

मस्करी होती म्हणशील. मस्करी असती तर "बस करा" म्हटल्यावर थांबली असती ना रे.

तुला कधी सांगितलं नाही, मी डीएडला खान्देशाबाहेर होते, 1999 ची गोष्ट, पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये तोंडातून गेलं "माले भाजी दे". झालं, दोन वर्षं माझं नावच "माले" पडलं. मी वर्गात हात वर करायचं सोडून दिलं, उत्तर येत असलं तरी. पण शनिवारी एसटीत बसले आणि आपल्या स्टॅंडवर उतरले की संपायचं सगळं, गावात कुणाला माहीतच नव्हतं, दीड दिवस मी परत मी असायचे. या पोराला तो दीड दिवस नाही. तो ते खिशात घालून घरी नेतो, रात्री अकराला आईशेजारी झोपलेला असताना मोबाईल थरथरतो आणि त्याला माहीत असतं आत काय आहे. आणि सांगणार कुणाला, त्याची आईपण "शे"च म्हणत असेल. तिला कसं सांगेल की तू शिकवलेल्या भाषेवरून मला हसतात.

दरवर्षी माझ्या शाळेत पहिलीला पोरं येतात, मी नाव विचारलं की घाबरून बघतात, आणि "तुनं नाव काय शे?" म्हटलं की लगेच चेहरा खुलतो. 2011 च्या जनगणनेत खान्देशी, म्हणजे आपली अहिराणी धरून, 18 लाखांहून जास्त लोकांची भाषा म्हणून नोंदली गेली, तुझी आजी त्यातलीच. आणि तूच मला म्हणालास ना, आई फोनवर अहिराणीत नको बोलू, पोरं आजूबाजूला असतात. तेव्हा मी काही बोलले नाही, आता कळतंय तू का म्हणालास. तुलापण भीती वाटते की उद्या स्टिकर आपलं होईल, म्हणून त्यांच्या बाजूने हसतोस. मला राग त्या चार स्टिकरचा आहेच, पण या भीतीचं जास्त वाईट वाटतं.

आता काय करायचं ते ऐक. आधी सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेव, तारीख दिसेल असे, मग तुझे स्टिकर काढ. "सगळ्यांसाठी डिलीट" दोन-अडीच दिवसच चालतं, जुने कदाचित निघणार नाहीत, पण ॲडमिनला दुसऱ्यांचेपण मेसेज काढता येतात, म्हणून नवीन कुणी टाकलं तर त्याला लगेच काढायला सांग. तरी ज्यांनी स्टिकर सेव्ह करून ठेवलंय त्यांच्याकडे ते राहणारच, आणि म्हणूनच ग्रुपवर एकदा स्पष्ट लिही की बंद करा. कुणी शिव्या दिल्या तर उलट देऊ नको. आणि त्याला वेगळा मेसेज नुसता "सॉरी" असा नको, सोमवारी डबा खाताना त्याच्या बाकावर जाऊन बस. तो बोलणार नाही कदाचित. तरी बस. थांबलंच नाही तर वर्गशिक्षकांना स्क्रीनशॉट दाखव, त्याला चुगली म्हणत नाहीत.

आमच्या शिक्षण परिषदेत यावर एकदा बोलणं झालं होतं, त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं लिहिते. 1098 हा मुलांसाठीचा नंबर, रात्रीपण लागतो, पैसे पडत नाहीत. मनाला फारच जड झालं तर 14416, टेली मानस. तक्रार करायला सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. आणि स्टिकरच्या पुढे जाऊन कुणी तुमच्या वयाच्या कुणाचा, विशेषतः मुलींचा, चेहरा घाणेरड्या फोटोवर चिकटवला तर तो पुढे पाठवणारापण आयटी कायद्याच्या 67 ब कलमात अडकू शकतो, बनवणाराच नाही. तसा फोटो फिरवला गेला तर टेक इट डाउन नावाची फुकट सोय आहे, तिथे फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, नुसता त्याचा आकड्यांचा ठसा जातो आणि त्यावरून इन्स्टाग्राम-फेसबुकवाले तो शोधून काढतात. हे तुझ्या वर्गातल्या मुलींनापण सांग, घरी सांगायला त्या जास्त घाबरतात.

आणि एक, हे लेखी देतेय. उद्या तुझ्यासोबत असं काही झालं, तुझ्याच चुकीने झालं असलं तरी, मला सांगितलंस तर तुझा मोबाईल मी काढून घेणार नाही. मोबाईल जाईल म्हणून पोरं गप्प बसतात, वर्षानुवर्षं बघतेय मी हे. पप्पांशी माझं बोलणं झालंय, त्यांनापण मान्य आहे.

रविवारी पप्पा कापसाचं बघायला जळगावला येताहेत. वांगी काड्यांवर भाजून भरीत पाठवतेय, कळण्याच्या भाकरी आठ आहेत, सोमवारी शाळेत नेशील तेव्हा दोघांना पुरतील. रात्री फोन करेन. अहिराणीतच बोलेन, तू तुला जमेल तसं उत्तर दे.

तुझी आई