लँकेस्टरमधला आठवा माणूस कुठे गेला?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांवर पानभर लेख आला, फोटो झकास होते, पण सगळा हिशोब किती टन बॉम्ब टाकले याचाच. रडार नि रेडिओ जॅम करणाऱ्या विमानांवर एक ओळ पण नाही, हे काय पटलं नाही बुवा.

लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानात सात जण असायचे असं लिहिलंय, बरोबरे, पण ब्रिटिशांच्या 101 स्क्वाड्रनमध्ये (म्हणजे हवाई दलाच्या तुकडीत) ऑक्टोबर 1943 पासून आठवा पण असायचा आणि त्याला जर्मन यायचं. हा गडी मागे एकटाच छोट्या स्क्रीनपुढे बसायचा, सिग्नल उठला की कान लावायचा, जमिनीवरचा जर्मन कंट्रोलर आपल्या फायटरवाल्यांना रेडिओवर सूचना देतोय अशी खात्री पटली की ट्रान्समीटर त्याच फ्रिक्वेन्सीवर आणून अशी किरकिर सोडायची की तिकडच्या पायलटला ओ की ठो कळू नये. यंत्राचं नाव काय, तर एअरबोर्न सिगार! यातले काही जण नाझींच्या तावडीतून पळून आलेले ज्यू होते, विमान पडून जिवंत सापडले असते तर काय झालं असतं ते सांगायला नको. त्यात ही विमानं बॉम्ब पण टाकायची आणि दुसऱ्या ग्रुपच्या (अनेक स्क्वाड्रन मिळून एक ग्रुप) मोहिमांना पण जायची, म्हणजे धोका जास्तच; अख्ख्या युद्धात या स्क्वाड्रनची हजारावर माणसं गेली.

जर्मनीतल्या हॅम्बर्गवरच्या हल्ल्याचा उल्लेख केलात पण कागदाचा नाही केलात. 24 जुलै 1943 च्या रात्री ब्रिटिशांची 791 विमानं निघाली आणि फक्त 12 पडली, कारण प्रत्येक विमानातून दर मिनिटाला एकेक गठ्ठा चंदेरी पट्ट्या खाली सोडत होते, गणपतीच्या मखराला आपण लावतो ना तसलाच कागद. पट्टी 27 सेंटिमीटरची, कारण जर्मनांच्या वुर्झबुर्ग रडारची वेव्हलेंग्थ (लहरीची लांबी) साधारण 53 सेंटिमीटर, तिच्या निम्मी पट्टी असली की रडारवर विमानच विमान दिसतात. हे काम जोन करन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंचं. गंमत म्हणजे शत्रू नक्कल करेल म्हणून ब्रिटिशांनी वर्षभर ते दडवून ठेवलं, आणि जर्मनांकडे पण तीच आयडिया, ते पण त्याच भीतीने गप्प!

पुढच्या लेखात निदान एक चौकट टाका, आणि 101 स्क्वाड्रनच्या इंग्लंडमधल्या लडफर्ड मॅग्नाच्या तळावरच्या लँकेस्टरचा फोटो मिळाला तर बघा, पाठीवर दोन उंच एरियल असतात, लगेच ओळखू येतं.

आपला जुना वाचक