मागच्या प्लॉटवरचं लॉन

सोलापूर,
जूनचा पहिला आठवडा

प्रिय पम्या,

तब्येत बरी आहे, शुगर गोळीवर आहे, तो विषय संपला. हे पत्र टिटवीसाठी आहे. घरात बोललो तर "पाखरासाठी कुणी जेवणावरून उठतं का?" असं ऐकून घ्यावं लागलं. तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

आमच्या मागचा मोकळा प्लॉट आठवतो ना? मारवेल, कुसळी, सराटा, पाऊस पडला की चिगळ. मे महिन्यात तिथं टिटवीनं चार अंडी घातली. घरटं कसलं, खडे सारून केलेला खळगा. अंडी मुरमाच्याच रंगाची, वर काळे ठिपके. दोन पावलांवरूनसुद्धा दिसायची नाहीत. आणि सोसायटीनं ठरवलं, लॉन करायचं! जेसीबी आला. टिटवी डोक्यावर झेपावायला लागली तसा ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानं स्वतःच्या हातानं अंड्यांभोवती दगडांचं कडं केलं. दुसऱ्या दिवशी लाल मातीचा डंपर नेमका तिथंच रिकामा झाला. रात्रभर ती जोडी गच्चीवरून ओरडत फिरत होती, आणि खालचे लोक म्हणत होते, अपशकुनी पक्षी, हाकला त्याला.

आता तिथं कोरियन कार्पेट नावाचं गवत पसरलंय. भर उन्हाळ्यात त्याला चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी पाहिजे. पाचशे मीटरला अडीच हजार लिटर झालं की! इथं नळाला रोज पाणी नाही, उजनीच्या पाण्याची वाट बघत बायका हंडे मांडून बसतात, आणि लॉनला टँकर येतोय. माळी दिवसभर काय करतो सांगू? हरळी उपटतो. हरळी आली की लॉन खराब झालं म्हणतात. गणपतीत हीच माणसं मधल्या मारुतीपाशी त्याच हरळीच्या जुड्या विकत घेतील, दूर्वा म्हणून.

तुझ्या बाबांची आठवण आली. गवत कापायचं यंत्र १८३० मध्ये इंग्लंडात एडविन बडिंगनं काढलं, आणि ते त्याला सुचलं गिरणीतल्या यंत्रावरून, लोकरी कापडावरची लव कापतात त्यावरून. बाबा असते तर खाटेवर उठून बसले असते, "बघ, गिरणीचं डोकं!" पण तिथं बाराही महिने भुरभुर पाऊस. तिकडचं गवत तिकडं शोभतं. आपल्याकडं उन्हाळ्यात गवत पिवळं पडतं, ते मेलेलं नसतं रे. मुळं जिवंत असतात, दोन सरी आल्या की पुन्हा फुटतं. हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. नान्नजच्या माळावर शिकलो.

आणि तिथं दिसलेला तो माळढोक पक्षी नरच होता, पम्या. मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी. तू आजही मादी म्हणशील, म्हण. पण त्याला आधी तू शेळी म्हणाला होतास, हे मी तुझ्या नातवाला सांगणार आहे.

कुसळीचं बी तळहातावर ठेवून थुंकी लावायची, मग त्याची शेपटी गरगर फिरायची, आठवतं? पाणी लागलं की ते बी असंच फिरत फिरत मातीत शिरतं. परवा खालच्या मुलांना दाखवायला एक बी शोधत होतो. अख्ख्या आवारात मिळालं नाही. मग रेल्वे रुळाकडच्या बांधावरून आणलं. पोरं आधी किंचाळली, मग एकमेकांच्या हातातून ओढून घ्यायला लागली. त्यांची आई वरून ओरडली, "घाण आहे ते, टाका!" मला तेच लागलं बघ. लॉनवर पाय ठेवायचा नाही, आणि माती म्हणजे घाण. मग या पोरांनी जमिनीला हात लावायचा तरी कुठं?

येत्या रविवारी सभा आहे. भिंतीकडचा एक पट्टा तरी जसा होता तसा सोडा, पाणी नको, फवारा नको, एवढंच मागणार आहे. चौघं माझ्या बाजूनं आहेत, पाचव्याला शेंगाचटणी पाठवलीय.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? स्नेहाला नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं वाटलं. वहिनींना नमस्कार. आणि नान्नजला काढलेला तो फोटो तुझ्याकडं आहे, त्याची प्रत शनिवारच्या आत पाठव. सभेत दाखवायचाय.

तुझा,
अण्णा