पहिल्या बाळाचं वजन विचारणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. चारचौघांत कौतुक झालं की तुम्ही कशा संकोचता, ते पाहिलंय मी.

पहिलं मूल किती वजनाचं होतं, हे तपासणीला आलेल्या प्रत्येकीला विचारतात. उत्तर कार्डावर लिहितात आणि पुढची बाई आत येते. मी 4 किलो 300 म्हटल्यावर तुम्ही मात्र पेन खाली ठेवलंत आणि विचारलंत, ‘‘डोकं बाहेर आल्यावर खांदे अडले होते का?’’ अडले होते. माझे पाय पोटाशी दुमडून, ओटीपोटावर दाब देऊन बाळाला सोडवलं होतं. त्याबद्दल तोवर कुणी चकार शब्द काढला नव्हता. घरी सगळ्यांच्या तोंडी एकच, बाळ कसं गुटगुटीत!

जन्मतः 4 किलोच्या वरचं बाळ मोठं धरतात, काही ठिकाणी साडेचारच्या वरचं, हे तुमच्याकडून कळलं. आणि एकदा असं मूल झालं की पुढचंही तसं होण्याचा संभव वाढतो, हेही.

मग तुम्ही कार्डाच्या पाठीमागे काढलेलं ते चित्र. एक मोठा गोल म्हणजे आई, एक छोटा म्हणजे बाळ, मध्ये वार (प्लॅसेंटा). आईच्या रक्तातली साखर वारेतून पलीकडे जाते, तिचं इन्सुलिन जात नाही. म्हणून जास्तीच्या साखरेला बाळाचं स्वादुपिंडच जास्त इन्सुलिन तयार करतं, आणि त्यामुळे चरबी साठते ती खांद्यांवर नि पोटावर. डोक्याचं माप बेताचं असून खांदे का अडतात, ते मला त्या दोन गोलांतून उमगलं. एवढ्या गर्दीच्या ओपीडीत कोण हे समजावत बसतं?

75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेल्या तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर 97 आली. गरोदरपणातला मधुमेह ठरवायची मर्यादा 92 ची. मी रडवेली झाले, तर तुम्ही म्हणालात, ‘‘दोष कुणाचा, ते नंतर शोधू. आधी ग्लुकोमीटर शिकून घ्या.’’ त्यावर रोज मोजताना साखर ठेवायची ती उपाशीपोटी 95 च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या आत. माझं वजन दिवस राहण्याआधीच जास्त होतं, म्हणून पूर्ण गरोदरपणात 7 ते साडेअकरा किलोच वाढायला हवं, हेही तुम्हीच सांगितलंत. आधीचं वजन आणि नऊ महिन्यांतली वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाळाच्या वजनावर दोन्हींचा परिणाम होतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आमच्या सासूबाईंचं म्हणणं, ‘‘बाप सहा फुटी, बाळ बारीक कसं होईल?’’ तुम्ही त्यांना खोडून काढलं नाहीत. आईबापांची चण, मुलगा असणं, आधीची बाळंतपणं, आईचं वय, हे सगळं मोजायचंच, म्हणालात. मधुमेह अजिबात नसलेल्या बायकांनाही मोठी मुलं होतात. फक्त साखर, वजन आणि तारखेनंतर उलटणारे दिवस यांच्याकडे आपण लक्ष देऊ शकतो, बाकीचं जसं आहे तसं. सासूबाई तुमच्यावर खूश झाल्या, आणि माझी साखर लिहून ठेवायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं!

शेवटच्या सोनोग्राफीत अंदाज आला 4 किलो 100. घरात एकच गलका, सिझेरियन करून टाका. तुम्ही माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलंत की मोठ्या बाळाच्या बाबतीत हा अंदाज दहा टक्क्यांनी सहज इकडेतिकडे होतो, आणि आईला मधुमेह असेल तर साधारण साडेचार किलोच्या अंदाजाला सिझेरियनचा विचार करतात. निर्णय डॉक्टरांचाच होता, पण तो आम्हाला ऐकता आला तो तुमच्यामुळे. खांदे पुन्हा अडले तर काय करायचं, याचीही तयारी प्रसूतीच्या खोलीत आधीच होती. वेळ आली नाही. मुलगी झाली, 3 किलो 700.

नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर बंद होते, बाळाचं इन्सुलिन मात्र काही काळ जास्तच राहतं. म्हणून तिच्या टाचेला सुई टोचून साखर तपासत होते. ती किंचाळायची आणि मी तोंड फिरवायचे. ड्यूटी संपली असतानाही तुम्ही पुढच्या रिपोर्टसाठी थांबलात. पहिला आकडा कमी होता, दूध पाजल्यावर दुसरा ठीक आला, तेव्हा कुठे तुम्ही पर्स उचललीत.

या सगळ्याबद्दल मनापासून आभार. बाळंतपणानंतरची ग्लुकोजची तपासणी चुकवू नका, असं बजावलं होतंत. केली, नॉर्मल आहे. पुढेही ठरावीक काळाने करत राहीन. रिपोर्टची प्रत तुमच्या टेबलावर ठेवायला सांगितली आहे.

आपली,
दोन मुलांची आई