जुन्या मोटारीची बॅटरी बदलण्यापूर्वी अर्थिंग तपासावे

मा. संपादक महोदय,

2014 साली उत्पादन थांबलेली अँबॅसडर आजही बडोद्यातील काही घरांत जिव्हाळ्याने जपलेली आहे. परंतु ती सुरू होईना की बॅटरी आणि स्टार्टर (इंजिनाला फिरवून सुरू करणारी मोटर) बदलण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला अयोग्य वाटतो. माझ्या वडिलांच्या गाडीत हे दोन्ही नवे बसवूनही किल्ली फिरवताच नुसता ‘टक्’ असा आवाज येत असे. अखेर व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावला. बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवीत होती; मात्र मदतनिसाने किल्ली फिरवली असता इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये जवळजवळ 4 व्होल्ट आढळले, जे अर्ध्या व्होल्टहून अधिक असू नयेत. स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर प्रवाह लागत असल्यामुळे इंजिन व बॉडी जोडणाऱ्या अर्थिंगच्या, म्हणजे प्रवाह बॅटरीकडे परत नेणाऱ्या, पट्टीवरील थोडासा गंजही त्याला रोखून धरतो. पट्टीची दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासून, नट घट्ट आवळताच गाडी सुरू झाली.

ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्रीच्या पुरात ज्यांच्या गाड्या भिजल्या, त्यांनी ही पट्टी अवश्य पाहावी, आणि गॅरेजवाल्यांनीही सुटे भाग बदलण्यापूर्वी ही दोन मिनिटांची तपासणी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे