बाळ ठणठणीत आहे, मग डॉक्टरकडे कशाला?

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचून हसू आलं. "लस टोचून आणली की झालं, धडधाकट पोराला दर महिना-दोन महिन्यांनी डॉक्टरकडे कशाला न्यायचं?" असं विचारलंयस. वहिनींचे दिवस भरत आलेत, म्हणून उत्तर लगेच लिहितोय. लांबेल थोडं. आमच्या घरात सध्या दुसरा विषयच नसतो.

आधी वजनाचं सांगतो, कारण पहिला घोर त्याचाच लागतो. जन्मल्यावर सुरुवातीच्या दिवसांत बाळाचं वजन वाढत नाही, उलट घटतं. ७-८ टक्के घटलं तर डॉक्टर सहसा डगमगत नाहीत. १० टक्क्यांच्या जवळ गेलं की मात्र बाळ नीट ओढतंय का, पोटात दूध जातंय का, हे बारकाईने बघतात. बहुतेक बाळांचं वजन १०-१४ दिवसांत भरून येतं आणि मग पहिले तीन महिने रोज २०-३० ग्रॅमच्या हिशेबाने वाढत राहतं. वर्षाचं होईतो जन्मवजनाच्या साधारण तिप्पट. हे आधी माहीत असेल, तर पहिल्या खेपेला काट्यावरचा आकडा बघून तुझा चेहरा उतरणार नाही.

मग तो वाढीचा तक्ता येतो. वाकड्या रेघांचा, दर भेटीतल्या वजनाचा ठिपका मांडायचा. आमची लेक १५ व्या पर्सेंटाइलवर आहे असं कळल्यावर घरात जणू १०० पैकी १५ मार्क मिळाल्यासारखी सुतकी शांतता पसरली. खरं तर त्याचा अर्थ एवढाच, की तिच्या वयाच्या १०० निरोगी मुलींपैकी साधारण १५ जणींचं वजन तिच्याहून कमी असेल. कुणीतरी १५ व्या रेघेवर असणारच, त्याशिवाय रेघ आली कुठून? डॉक्टर एकटा ठिपका बघतच नाहीत, ते मागच्या ठिपक्यापासून पुढचा कुठे गेला ते बघतात. १५ वर असलेलं बाळ १५ च्या आसपासच चढत राहिलं तर उत्तम. ७० वर असलेलं हळूहळू २० वर घसरलं तर काळजी, मग ते दिसायला कितीही गुटगुटीत असो. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. एका ठिपक्याची रेघ होत नाही, म्हणून बाळ बरं असतानाच पुन्हा पुन्हा न्यायचं.

हे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली काढले. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या, अंगावरच्या दुधावर वाढलेल्या मुलांची मापं घेतली होती. सगळ्या देशांतल्या मुलांची सरासरी उंची चकित व्हावं इतकी सारखी निघाली. तेव्हा "आमच्या घराण्यात मुलं लहानखुरीच" किंवा "शेजारच्यांचं बघा कसं भरलंय" असं कुणी म्हणालं की मान डोलवायची आणि सोडून द्यायचं.

आता तपासणी. पहिल्यांदा मला वाटलं, डॉक्टर नुसते खेळवताहेत. मांड्या दुमडून बाहेर फाकवल्या, डोळ्यांत उजेड टाकला, जांघेत बोट ठेवून नाडी बघितली, डोक्याभोवती टेप गुंडाळली, टाळूवरून हात फिरवला. मी विचारत गेलो तसं कळत गेलं. खुब्याचा सांधा जन्मतःच सैल असेल तर बाळाला दुखत नाही, ते रडत नाही, आपल्याला पत्ता लागत नाही. पहिल्या महिन्यांत सापडला तर बऱ्याचदा नुसत्या पट्ट्यांनी जागेवर बसतो, चालायला लागल्यावर सापडला तर शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतं. डोळ्यात उजेड टाकल्यावर आतून तांबूस चमक दिसायला हवी. पांढरी दिसली तर मोतीबिंदू असू शकतो, किंवा क्वचित पडद्यावरची गाठ. म्हणजे हे सगळे न रडणारे आजार. दुखणारं बाळ आपण स्वतःच धावत घेऊन जातो, त्यासाठी तारीख लावावी लागत नाही.

पण डॉक्टरांच्या हातात बाळ असतं दहा-पंधरा मिनिटं, आणि तेवढ्यात ते एक तर झोपतं नाही तर किंचाळतं. दोन महिन्यांच्या सुमारास आपल्याकडे बघून हसतंय का, दारावर आवाज झाला की दचकतंय का, एकच हात जास्त हलवतंय का, हे आपणच सांगायचं. श्वासाचा विचित्र आवाज किंवा अंगाला बसणारा झटका वर्णन करून सांगता येत नाही, मोबाइलवर चित्रीकरण करून ठेव. प्रश्नही लिहूनच ने. दारातून आत गेलं की डोक्यात एकही उरत नाही.

लशीचं फार मनाला लावून घेऊ नकोस. मांडीवर घट्ट धरून टोचून घ्यायची, वहिनींनी त्या वेळी पाजलं तर रडणं लवकर थांबतं. "ताप येईलच" म्हणून आधीच पॅरासिटामॉल मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नकोस. तसं केल्याने काही लशींचा प्रतिसाद थोडा कमी पडतो असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, रात्र असली तरी त्याच वेळी निघायचं.

एक गोष्ट मात्र मला कुणीच सांगितली नव्हती. एका तपासणीत बाळाचं सगळं आटोपल्यावर डॉक्टरांनी मीनलला विचारलं, "तुम्ही कशा आहात?" ती सवयीने "बरी आहे" म्हणाली. डॉक्टर काही बोलले नाहीत, कागदही पुढे ओढला नाही, नुसते थांबले. मग ती म्हणाली, की बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही. हे ती मला म्हणाली नव्हती! बाळंतपणानंतरचे पहिले दिवस रडू येतं, ते बहुतेकींचं आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल तर तो आजार समजायचा आणि उपचार घ्यायचे. तो ओळखायला १० प्रश्नांची एक साधी प्रश्नावली १९८७ पासून आहे. आमच्या डॉक्टरांनी ती तिथेच भरून घेतली, पुढे कुणाकडे जायचं ते सांगितलं. मीनल आता बरीच सावरली आहे आणि तुला हे लिहायला तिनेच सांगितलंय.

म्हणून वहिनींना एकटीला पाठवू नकोस, रजा टाक. एकाने बाळ धरायचं, दुसऱ्याने ऐकायचं, नाही तर ऐकलेलं अर्धं रडण्यात वाहून जातं. आणि पहिल्या भेटीत ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचं विचार. सहसा रोज ४०० युनिट देतात, पण बाटलीगणिक थेंबांचं प्रमाण बदलतं, तेव्हा किती थेंब ते त्यांच्याकडूनच लिहून घे.

वहिनींना आमच्या दोघांचा नमस्कार. बाळ झालं की आधी वजन कळव. १५ वर असलं तरी चालेल, आमच्या लेकीला सोबत होईल.

तुझा,
अभय