डॉजचे बदली भाग

पुणे,
मंगळवार, रात्री

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनहून पाठवलेली यादी मी दोनदा वाचली. आपल्या डॉजचा, म्हणजे या जुन्या अमेरिकन लष्करी गाडीचा, जवळजवळ प्रत्येक भाग तिकडे नव्याने घडवलेला मिळतो आणि ते सगळे सामान तू एका खोक्यात घालून पाठवायला तयार आहेस, हे वाचून आधी फार आनंद झाला आणि मग दोन दिवस मी उत्तर कसे लिहावे याचा विचार करत राहिलो. तुझ्या शहरात या गाडीला मान असावा, हे स्वाभाविक आहे. १८ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक तेथे पोहोचले आणि शहर मुक्त झाले. त्या दिवसांच्या आठवणीशी जोडलेली गाडी लोक जपणारच. आपल्याकडे या गाड्या युद्ध संपल्यावर डिस्पोजलमधून, म्हणजे लष्कराच्या नको असलेल्या सामानाच्या विक्रीतून, आल्या आणि पडेल त्या कामाला जुंपल्या गेल्या. आपली ‘वेपन कॅरियर’, शस्त्रे वाहण्यासाठी बांधलेली, फलटणकडच्या शेतावर आधी ऊस, नंतर पाण्याची टाकी वाहत राहिली आणि शेवटी एका चिंचेखाली एकोणीस पावसाळे उभी होती, हे तुला ठाऊकच आहे.

तुझ्या यादीतले फक्त ब्रेकचे सामान पाठव. बाकीचे नको. पैशाचा प्रश्न त्यात आहेच, पण खरे कारण वेगळे आहे आणि ते तुला सविस्तर सांगावेसे वाटते, कारण लहानपणी बॅटरी धरून तू तासन् तास माझ्या शेजारी उभी राहिली आहेस आणि पुढे ही गाडी तुझ्याकडेच यायची आहे.

गेल्या उन्हाळ्यात इंजिन चालू झाले तेव्हा मी तुला फोनवर आवाज ऐकवला होता. त्यानंतर काय झाले, ते मी तुला सांगितले नव्हते. दहा-बारा मिनिटे चालले की मागच्या दोन सिलिंडरांपाशी ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) इतका तापायचा की जवळ हात नेता येत नसे आणि पुढचा भाग मात्र ठीक असे. रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट काढून पाहिला, पंप उघडला. फरक पडला नाही. मग लक्षात आले की या सहा सिलिंडरांच्या साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरांच्या बाजूला असलेल्या) इंजिनात पंपामागून ब्लॉकच्या आत एक लांब चपटी नळी जाते. तिला ठरावीक अंतरावर भोके असतात आणि पंपाचे गार पाणी त्या भोकांतून थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींच्या बाजूला पोहोचते. नळी गंजून गेली की पाणी पुढच्या पुढेच वळते आणि मागचे व्हॉल्व्ह भाजत राहतात. ती नळी बाहेरून कोठेही दिसत नाही. रेडिएटर आणि पंप उतरवून मी आत आकडा घातला, तेव्हा गंजलेल्या पत्र्याचे तुकडे आणि लाल चिखल हाती आला. चार तुकडे मात्र असे होते की ते जुळवल्यावर तीन भोकांचे अंतर आणि त्यांची दिशा कळली, आणि उरलेली भोके व्हॉल्व्हच्या जागा मोजून ठरवता आली.

ती नळी मी तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट आळीत करून घेतली. आधी सागवानाचा चपटा साचा केला, तो ब्लॉकमध्ये सरकतो की नाही हे पाहिले आणि पितळी पत्रा घेऊन तेथे, कसबा पेठेत, गेलो. ज्या कारागिराकडे गेलो त्याने इंजिनात काय होते हे आधी समजावून घेतले, मग पत्रा साच्यावर बसवून मठारला आणि सांधा नळीच्या कडेला न घेता भोकांच्या विरुद्ध बाजूला घेतला, म्हणजे झाळीचा (सांध्याच्या डागाचा) ताण भोकांवर येणार नाही. हे मला सुचले नव्हते. बंब आणि घंगाळी घडवणाऱ्या हाताला पाणी, उष्णता आणि सांधा यांचे नाते पिढ्यानपिढ्या माहीत असते; कारखान्याच्या टूलरूममधल्या (जेथे साचे आणि हत्यारे बनतात) माझ्या बत्तीस वर्षांत मी ते इतक्या सहज पाहिलेले नव्हते. नळी बसवल्यानंतर पुढच्या आणि मागच्या भागातल्या तापमानाचा फरक हाताच्या थर्मामीटरवर पाच-सहा अंशांच्या आत आला. सिलिंडर हेडखालचे गॅस्केटही त्याच्याकडूनच आणलेल्या तांब्याच्या पत्र्यातून कापले. तांबे लाल तापवून पाण्यात बुडवले की मऊ होते, पोलादाच्या अगदी उलट, आणि मऊ झालेले तांबे हेडच्या दाबाखाली नीट बसते. जुन्या गॅस्केटपेक्षा ते किंचित जाड आहे, त्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, थोडे उतरले असणार, पण ७० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बांधलेल्या इंजिनाला त्याचे दुःख नाही.

तिकडून तयार नळी आली असती, तर मी ती सरकवून पंप बंद केला असता. ती भोके कोणत्या बाजूला का असतात, हे मला आजही कळले नसते. बदली भाग करायचा तर मूळ भागाचे काम पूर्ण समजावे लागते आणि ते समजले नाही तर बदली भाग खोटा ठरतो. माझ्याकडून तीही चूक झाली आहे. मूळ कार्बोरेटरच्या थ्रॉटलचा दांडा झिजून हवा ओढत होता, म्हणून मी जुना बाजारात रविवारी मिळालेला जीपचा सोलेक्स बनावटीचा कार्बोरेटर मधे पट्टी घालून बसवला. जीपचे ते इंजिन २.२ लिटरचे, आपले २३० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ३.८ लिटरचे. सपाटीवर गाडी छान चालली. दिवे घाटात चढावर मात्र कार्बोरेटरमधून उलटे धडाके येऊ लागले आणि घरी येऊन प्लग काढले तर ते खडूसारखे पांढरे झालेले होते. इतक्या मोठ्या इंजिनाला त्या जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) येणारे पेट्रोल पुरत नव्हते आणि मिश्रण विरळ होऊन इंजिन आतून भाजत होते. आणखी दोन चढ चढलो असतो तर पिस्टन गेला असता. आता जेट टप्प्याटप्प्याने मोठे केले आहे, तरी तो कार्बोरेटर मी तात्पुरताच मानतो. मूळ कार्बोरेटरच्या दांड्यासाठी पितळी बुश (आतला बाही) लेथवर करत आहे.

दादाने डिझेल इंजिन टाकण्याचे सुचवले होते. सोपे आहे, अनेकांनी केलेही आहे, पण मग ती डॉज कशी राहील? शिवाय या इंजिनाचे भाग आपल्याकडे वाटतात तितके परके नाहीत. स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात होत्या आणि त्यांतल्या अनेकींत याच घराण्याचे साइड व्हॉल्व्ह इंजिन असे. सव्वातीन इंच बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) पिस्टन रिंगा मला एका जुन्या टॅक्सीवाल्याच्या माळ्यावर, मूळ कागदात गुंडाळलेल्या, मिळाल्या. त्यांना मी बदली भाग म्हणत नाही. ते नात्यातलेच आहेत.

सर्वांत जास्त वेळ गेला तो आधीच्या लोकांनी केलेल्या दुरुस्त्या उलगडण्यात. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, हे कोणाला माहीत नव्हते, म्हणून तीन स्टड (नट बसणारे खिळे) जोर लावून तोडलेले होते. पाण्याच्या पंपाला तीन अष्टमांश इंचाचा व्हिटवर्थ, म्हणजे ब्रिटिश मापाचा, बोल्ट लावलेला होता. त्याला आणि अमेरिकन जाड आट्याच्या बोल्टला इंचाला सोळाच आटे असतात, त्यामुळे तो आत जातो आणि घट्ट झाल्यासारखाही वाटतो. पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि दुसऱ्याचा ६० अंशांचा, म्हणून दोन्ही आटे पूर्ण अंगाने टेकत नाहीत आणि काही वर्षांत भोकच खराब होते. या चुकीची नोंद कोणी ठेवली असती तर माझे चार दिवस वाचले असते. म्हणून मी निळ्या वहीत प्रत्येक बदली भाग लिहून ठेवतो: मूळ काय होते, त्याऐवजी काय बसवले, का बसवले आणि ते काढायचे कसे. बॅटरीच्या केबलऐवजी वेल्डिंगची केबल घातली, तेही त्यात आहे. विद्युतयंत्रणा ६ व्होल्टची असल्यामुळे तेवढ्याच कामाला १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो आणि बाजारातल्या बारीक केबलीने स्टार्टर कुंथत राहतो. मागच्या बाकांच्या पट्ट्या बाभळीच्या आहेत. बैलगाडीची चाके करणाऱ्या सुताराने त्या रंधून दिल्या, आणि मला त्या मूळच्यांपेक्षा अधिक आवडतात.

ब्रेकची गोष्ट मात्र वेगळी आहे. कोणीतरी पूर्वी ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतले होते. त्याने सगळी रबरे फुगून मऊ झाली आहेत आणि मास्टर सिलिंडरचा दट्ट्या परत येत नाही. येथे जवळपासच्या मापाची रबरी वाटी मिळते, बसतेही, आणि दुकानदार खात्रीही देतो. अडीच टनांची गाडी घाटात उतरत असताना त्या खात्रीवर मी तुला किंवा दादाला बसू देणार नाही. नळीतली चूक मला थर्मामीटरने सांगितली, कार्बोरेटरची प्लगने सांगितली. ब्रेकची चूक सांगायला वेळ देत नाही. स्टिअरिंगलाही मी हाच नियम लावला आहे. चाकांच्या दोन अर्ध्या रिमा जोडणाऱ्या नटांना तर हवा पूर्ण काढल्याशिवाय पान्हा लावायचा नाही, हे मी गॅरेजच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.

तेव्हा मास्टर सिलिंडरचा संच, चारही चाकांच्या सिलिंडरांची रबरे आणि लवचिक होजपाइप एवढेच पाठव. होजवर बनावटीची तारीख असेल तर ती पाहून घे. वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर नवीन दिसले तरी जुनेच असते. विकणाऱ्याला टोकांच्या आट्यांचे माप लेखी द्यायला सांग. मी मोजलेली मापे सोबतच्या कागदावर आहेत, ती त्याच्या मापांशी जुळली तरच पैसे दे. आणि तिकडे एखाद्या गाडीचे बॉनेट उघडलेले दिसले, तर मालकाची परवानगी घेऊन थ्रॉटलच्या दांड्याचा बाजूने फोटो काढ. स्प्रिंग कोणत्या भोकात अडकवलेली असते, ते मला पाहायचे आहे. आपल्या कार्बोरेटरला तेथे तीन भोके आहेत आणि तिन्ही सारखीच झिजलेली आहेत.

आई ठीक आहे. तिने तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवले आहे.

तुझे,
बाबा