पोटातला तुकडा काढणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही, आणि युद्ध चालू आहे म्हणून मी तुमचं नाव, हॉस्पिटल काहीच लिहीत नाही. मी सांगलीची, युक्रेनमध्ये विनित्सियाला मेडिकलला होते, मार्च २०२२ मध्ये ऑपरेशन गंगात रोमानियामार्गे घरी आले. आमची घरमालकीण, आम्ही तिला बाबुस्या म्हणजे आजीच म्हणायचो, सायरन वाजला की आम्हा चौघींना हाताला धरून तळघरात न्यायची. तिच्या नातवाच्या पोटातला ड्रोनचा तुकडा तुम्ही काढलात.

मी आता इकडे इंटर्न आहे, सर्जरीला उभी राहते, म्हणून मला कळतं तुम्ही काय केलंत ते. एक्सरेत तुकडा एका जागी दिसतो आणि पोट उघडल्यावर आतड्यांच्या वेटोळ्यात कुठे गेलाय पत्ता नसतो, त्यात रक्त भरलेलं, बोटांनी चाचपत बसायचं म्हणजे वेळ जातो, चीर वाढवावी लागते आणि धारदार कडेने अजून काही फाटायची भीती वेगळीच.

तुम्ही पेनसारखं चुंबक वापरलंत असं बाबुस्याने सांगितलं, मग मी वाचून काढलं. ओलेह बिकोव, पूर्वी वकील, २०१४ पासून सैन्याला मदत करतायत, त्यांनी ही चुंबकं बनवली, पोटासाठी वाकणारं, हाडासाठी जास्त ताकदीचं. सेर्ही माक्सिमेंको या सर्जननी तर धडधडत्या हृदयातून तुकडा काढलाय याने! कल्पना जुनीच, पार क्रिमियन युद्धापासूनची.

पण मला जास्त भरून आलं ते पुढचं ऐकून. ॲल्युमिनियम, तांबं चुंबकाला लागत नाही म्हणून तुम्ही सगळं आतडं हाताने इंच इंच तपासलंत, दोन भोकं शिवलीत, आणि मांडीतले बारीक तुकडे का ठेवले, एमआरआय का करायचा नाही, हे त्या म्हातारीला बसून समजावलंत. एवढ्या गर्दीत कोण सांगतं हो?

परवा व्हिडिओ कॉलवर तिने डबीतून तो तुकडा काढून दाखवला, हरभऱ्याच्या डाळीएवढा, एक कड ब्लेडसारखी. फ्रिजवरच्या मॅग्नेटजवळ नेला तर हातातून सुटून टक् करून चिकटला. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललोच नाही.

नातू आता काठी धरून जिना उतरतो. डॉक्टर, खूप खूप आभार तुमचे.